बिल कोणाच्या नावे, ते आधी ठरवा

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाला हळद ऑनलाइन विकायची आहे. बाजारपेठेसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?
– एक वाचक, डोंगरकडा (जि. हिंगोली)

उत्तर : निवड सॉफ्टवेअरच्या किमतीवर नव्हे, बिल कोणाच्या नावे निघणार यावर करावी. गटच माल घेऊन विकणार असेल तर ती बाजारपेठ नसून एक दुकान आहे. त्याला वर्डप्रेसवरचे मोफत वूकॉमर्स पुरते. प्रत्येक शेतकरी स्वतंत्र विक्रेता असेल, तर मात्र डोकानसारखी बहुविक्रेता जोडणी लागते. मग ग्राहकाचे पैसे गोळा करणाऱ्या गटाला जीएसटी नोंदणी करावी लागते आणि विक्रेत्यांच्या करपात्र विक्रीवर टीसीएस (उगमस्थानी गोळा करायचा कर) कापावा लागतो. जुलै 2024पासून तो अर्धा टक्का आहे. हा हिशेब सांभाळणारा माणूस नसेल, तर महागडे सॉफ्टवेअरही निरुपयोगी.

‘मोफत म्हणजे कच्चे’ हा आक्षेप टिकत नाही. मात्र होस्टिंग आणि देखभालीचा खर्च धरावाच लागतो. ‘स्वतःची साइट असली की ग्राहक येतील’ ही समजूतही फसवी आहे. म्हणून आधी ओएनडीसी या खुल्या डिजिटल व्यापार जाळ्याशी जोडलेल्या एखाद्या विक्रेता-अॅपवर मालाची नोंद करून मागणी जोखावी. पुनःपुन्हा घेणारे ग्राहक मिळाले, की मगच स्वतःचे दुकान उभारावे. खाद्यपदार्थ विकताना एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना मात्र पहिल्या दिवसापासून हवा.