उपवासकाळ आणि एका विद्यार्थ्याचा प्रश्न



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गात उपवासकाळाची माहिती सांगत होतो. चाळीस दिवस म्हणजे काय, त्या दिवसांत कॅथलिक कुटुंबांत कोणते नेम पाळतात, हे फळ्यावर लिहून झाले, आणि 'कोणास काही विचारावयाचे आहे काय?' असे आम्ही नेहमीच्या रीतीने विचारले. तेव्हा मागील बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे आईबाप ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून आलेले होते आणि जळोचीच्या शिवारालगत त्यांची कोपी होती. तो म्हणाला, "गुरुजी, ज्याच्या घरी आधीच उपास हाय, त्यानं ह्या दिसांत काय सोडायचं?"

वर्ग एकदम शांत झाला. आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेवढ्यात घंटा झाली, आणि 'उद्या सांगू' असे म्हणून आम्ही वर्गाबाहेर पडलो. त्या रात्री आम्ही उत्तराची जुळवाजुळव केली. परंतु दुसऱ्या दिवशी ते बाक रिकामे होते. कारखान्याचा पट्टा पडला होता व टोळी गावाकडे निघून गेली होती. ते उत्तर आमच्याकडे तेव्हापासून देणे राहिले आहे. प्रस्तुत लेखात ते देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहो.

प्रथम काळाचा हिशेब पाहू. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थान रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत मोजल्यास ४६ दिवस भरतात. त्यांतील ६ रविवार वगळावयाचे, कारण प्रत्येक रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस मानला जातो व त्या दिवशी उपवास नसतो. राहिले ते ४०. येशू ख्रिस्ताने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याचे हे स्मरण होय. पुनरुत्थानाचा सण कोणत्याही एका तारखेला बांधलेला नाही. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढील रविवारी तो येतो. म्हणून तो २२ मार्चच्या आधी किंवा २५ एप्रिलच्या नंतर कधी पडत नाही. आपल्या पंचांगाशी ताडून पाहिल्यास ही गोष्ट चटकन ध्यानात येईल. २०२४ साली हा सण होळीच्या पौर्णिमेमागून ३१ मार्चला आला, तर २०२५ साली हनुमान जयंतीच्या पौर्णिमेमागून २० एप्रिलला. आकाशातील चंद्र सर्वांचा एकच आहे.

उपवासकाळाचा आरंभ राखेने होतो. ही राख कोठून येते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हाती घेऊन भाविकांनी प्रभूचा जयजयकार केला, त्याच वाळवून, जाळून ही राख तयार करितात. गतवर्षीचा जयजयकार यंदा चिमूटभर राख होऊन आपल्याच कपाळी येतो. ज्यास आपल्या भक्तीचा अभिमान वाटू लागला असेल, त्याने ह्या राखेचा थोडा विचार करावा.

आता नियम पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की कॅथलिक माणूस चाळीस दिवस उपाशी राहतो. तसे नाही. आजच्या नियमाप्रमाणे बंधनकारक उपवासाचे दिवस दोनच आहेत, राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवावयाचे व अन्य दोन वेळा अल्पसे काही घ्यावयाचे. शिवाय राखेच्या बुधवारी व ह्या काळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असते. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे उपवासाचे बंधन वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होते व साठावे वर्ष लागताच संपते. मांस वर्ज्य करण्याचे बंधन १४ वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होते. लहान मुले, वृद्ध व आजारी ह्यांस ख्रिस्तसभेने स्वतःहून मोकळे ठेविले आहे. म्हणजे आमच्या त्या विद्यार्थ्यास उपवास करण्याचे कारणच नव्हते, हे पुस्तकी उत्तर आम्हांस त्याच दिवशी देता आले असते. परंतु त्याचा प्रश्न वयाचा नव्हता.

उपवासकाळात तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: प्रार्थना, उपवास व दानधर्म. ह्यांपैकी एकही सुटी करता येत नाही. भुकेल्यास आपल्या भाकरीत वाटा देणे हाच देवाला आवडणारा उपवास होय, असे यशया संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या ५८ व्या अध्यायात सांगितले आहे. दुसऱ्या शतकात लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' ह्या ग्रंथात तर ह्याचे गणितच घालून दिले आहे. उपवासाच्या दिवशी जे अन्न आपण खाल्ले नाही, त्याची किंमत काढावी व ती रक्कम विधवेस, अनाथास किंवा गरजवंतास द्यावी, असे त्यात सांगितले आहे. जो उपवास करून वाचलेले धान्य पुन्हा आपल्याच कणगीत टाकतो, त्याने उपवास केला नाही, केवळ काटकसर केली. भारतातील कॅथलिक ख्रिस्तसभेची 'कारितास इंडिया' ही सेवासंस्था १९६२ साली स्थापन झाली. उपवासकाळात धर्मग्रामांतून भूक व रोग ह्यांच्या निवारणासाठी जो निधी जमविला जातो, त्याच्या मुळाशी हेच जुने गणित आहे.

ही शिकवण आपल्या भाषेत फार पूर्वी आली. आमचे बारामती गाव मोरोपंतांचे म्हणून विख्यात आहे, आणि श्रीधर कवींनी १७१८ साली 'शिवलीलामृत' हा ओवीबद्ध ग्रंथ येथेच पूर्ण केला. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज येशूसंघीयाचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. हा मनुष्य १५७९ साली गोव्यास आला, त्याने आपली भाषा शिकून घेतली आणि प्रभूचे जन्म, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान सुमारे अकरा हजार ओव्यांत गाइले. मिस्सानंतर देवळांतून हे पुराण वाचले जाई. मिस्सा मात्र त्यानंतरही साडेतीनशे वर्षे लॅटिनमध्येच चालली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेस वाट मोकळी केली, तेव्हा कोठे मराठी माणसास उपासनेतला शब्द न् शब्द कळू लागला. शब्द कळले म्हणजे मनात प्रश्नही उठतात, आणि त्यास आम्ही मोठा लाभ समजतो.

हा काळ एखादा धर्मग्राम कसा पाळतो, हे पाहण्याचा योग आम्हांस वसई तालुक्यातील निर्मळ गावी आला. तेथील एका स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही एका वर्षी पवित्र सप्ताहात त्यांच्याकडे राहिलो होतो. निर्मळास शंकराचार्यांचे मंदिर आहे आणि पवित्र क्रूसाचे देऊळही आहे. तेथील कॅथलिक लोक घरी सामवेदी बोली बोलतात व देवळात मराठीत प्रार्थना करितात. उपवासकाळात शुक्रवारी 'क्रूसाची वाट' चालण्याची रीत आहे. प्रभूच्या अखेरच्या प्रवासातील १४ स्थानांपुढे थांबून प्रार्थना करावयाची; ही १४ ची संख्या पोप बारावे क्लेमेंट ह्यांनी १७३१ साली कायम केली. वसईकरांस ह्या वाटेचे विशेष अगत्य वाटावे असे एक कारण आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ह्यांस ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकी येथे क्रूसावर मरण आले आणि १८६२ साली ते संतपदास पोचले.

त्या वाटेवरील पाचव्या स्थानापाशी आम्हांस आमच्या विद्यार्थ्याची आठवण झाली. तेथे कुरेनेकर शिमोनाचे चित्र असते. हा मनुष्य शेताकडून येत होता. शिपायांनी त्यास धरिले व प्रभूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. त्यास कोणी विचारले नाही, की तू थकला आहेस काय, जेवला आहेस काय? मोळीचे ओझे डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या त्या मुलाच्या आईबापांसही कोणी हे विचारीत नाही. ज्याच्यापाशी सोडण्याजोगे काही नव्हते, त्या शेतावरच्या माणसाने प्रभूचे ओझे वाहिले, आणि ख्रिस्तसभा दर वर्षी त्याचे नाव घेते.

पवित्र गुरुवारी सायंकाळी धर्मगुरू गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी ह्या विधीत केवळ पुरुषांनाच बसवीत असत. २०१६ साली पोप फ्रान्सिस ह्यांच्या इच्छेवरून स्त्रियांनाही स्थान मिळाले. शुभ शुक्रवारी जगात कोठेही मिस्सा होत नाही. वेदी उघडी असते व भाविक क्रूसास वंदन करितात. शनिवारी रात्री मात्र देवळाबाहेर नवा अग्नी पेटवितात. त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावून ती अंधाऱ्या देवळात नेतात, आणि तिच्यावरून एकाने दुसऱ्याची, दुसऱ्याने तिसऱ्याची मेणबत्ती पेटवीत सारे देऊळ उजळते. चाळीस दिवस मुक्या राहिलेल्या 'आलेलुया'चा गजर पुन्हा होतो. हा जागरणविधी पूर्वी शनिवारी सकाळीच उरकीत असत. १९५१ साली बारावे पायस ह्यांनी त्यास रात्र परत दिली. उपवासाचे दिवस ४०, परंतु पुनरुत्थानाचा आनंदकाळ पेंटेकॉस्टपर्यंत ५० दिवसांचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

भाकरीत वाटा देण्याची ही गोष्ट आमच्या तालुक्याने प्रत्यक्ष पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे बारामतीच्या जिरायत भागात पाझर तलावांची कामे निघाली, तेव्हा 'कासा' ह्या संस्थेने कामाच्या मोबदल्यात धान्य पुरविले. ही संस्था प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची. परंतु घेणाऱ्यांस कोणी धर्म विचारला नाही. धान्य दूरचे होते, टिकाव व पाट्या उचलणारे हात येथलेच होते. देणाऱ्याने घास दिला, घेणाऱ्याने घाम दिला, आणि पाणी सर्वांच्या विहिरींस मिळाले.

तर मग, बाळ, तू कोठेही असलास तरी आमचे उत्तर हे आहे. तुला काहीही सोडावयाचे नाही. सोडावयाचे आहे ते आम्हांस, ज्यांच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटते. आम्ही सोडलेला घास तुझ्या कोपीपर्यंत पोचला, तरच आमचा उपवास पुरा झाला. तू तो प्रश्न विचारलास त्या दिवशी आमच्या डब्यात तीन भाकऱ्या होत्या, आणि 'उद्या सांगू' म्हणून आम्ही शिक्षकांच्या खोलीत जाऊन त्या खाल्ल्या. तुझे उत्तर त्या डब्यात होते.

पालकहो, आपल्यापैकी थोडेच ख्रिस्ती आहेत. कोणाची एकादशी असेल, कोणाचा श्रावण, कोणाचा रमजान. आपापल्या उपवासाच्या दिवशी वाचलेल्या शिध्याची किंमत एकदा मुलांकडून मांडवून घ्यावी, आणि हंगामात शिवारालगत ज्या कोप्या उभ्या राहतात, त्यांतील एखाद्या कोपीपर्यंत ती मुलांच्याच हाती पाठवावी. त्या कोपीत शाळेच्या वयाचे मूल दिसल्यास त्याचे नाव आम्हांस कळवावे. ते मागील बाक आम्ही त्याच्यासाठी राखून ठेविले आहे.