फायटर शोभतं ते लढणाऱ्या जहाजाला

केंब्रिजच्या फ्रॉन्टियर डेव्हलपमेंट्सनं डिसेंबर २०१४ मध्ये ‘एलिट डेंजरस’ हा अंतराळयानांचा व्हिडिओ गेम बाजारात आणला, तेव्हा जहाजाच्या पोटातून सुटणारी छोटी फायटर विमानं त्यात नव्हती. ती आली ऑक्टोबर २०१६ मध्ये, ‘द गार्डियन्स’ या अपडेटबरोबर. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी फायटर ठेवायचा हँगर! ज्या जहाजात तो बसतो, त्यात बसवलाच पाहिजे, असा बऱ्याच खेळाडूंचा समज झाला. तो महागात पडतो.

सर्वात लहान हँगरला पाच क्रमांकाची जागा लागते. त्याच जागेत ३२ टन माल मावतो. सहा क्रमांकाच्या हँगरमध्ये दोन फायटर राहतात, पण तिथे ६४ टनांवर पाणी सोडावं लागतं. एकट्या खेळाडूचं एका वेळी एकच फायटर बाहेर पडतं; दुसऱ्याचा उपयोग एवढाच, की पहिलं फुटलं तर नवं तयार होईपर्यंत ताटकळावं लागत नाही.

शिवाय आपण जहाज सांभाळत असताना ते उडवायला पायलट हवा. तो स्टेशनवरच्या क्रू लाउंजमधून नेमायचा आणि कमाईतला हिस्सा त्याला द्यायचा. माझा पायलट स्टेशनवर आराम करायचा, मी एकटा माल वाहायचो, तरी विक्रीच्या नफ्यातून त्याचा वाटा कापला जायचाच. नेमणुकीआधी हे प्रत्येकानं ध्यानात घ्यावं.

टाइप-९ हे सातशे टनांहून अधिक माल नेणारं अवाढव्य जहाज. त्याला ३२ टन गेल्याचं फारसं जाणवत नाही, म्हणून व्यापारी हौसेनं हँगर बसवतात. अडचण येते ती चाचा आडवा आल्यावर. भरलेल्या जहाजानं अशा वेळी पळायचं असतं, तेही थेट दुसऱ्या ताऱ्याकडे उडी घेऊन. कारण जवळच्या मोठ्या जहाजाचं वस्तुमान त्या उडीला अडवू शकत नाही. पळायचंच ठरलं, तर बाहेर सोडलेलं फायटर मागेच राहतं. पायलट दूरनियंत्रणानं उडवत असल्यानं वाचतो, फायटर मात्र गेलं. व्यापाऱ्यानं त्या जागेत माल भरावा, नाहीतर शील्ड बळकट करावं.

कीलबॅकचा मोह वेगळा. फायटर नेणारं हे सर्वात स्वस्त जहाज, सुमारे ३१ लाख क्रेडिटचं. पण त्याच्या मोठ्या जागाच मोजक्या. एकीत हँगर गेला की माल आणि शील्ड यांची ओढाताण सुरू होते. हौस म्हणून ठीक, पोटापाण्यासाठी नाही.

फायटरचं खरं काम दिसतं ते धोकादायक खाणपट्ट्यात, जिथे पोलीस फिरकत नाहीत. समोर चाच्याचं ॲनाकोंडा जहाज असतं. फायटर सुटतं, ‘माझ्या लक्ष्यावर हल्ला’ हा हुकूम जातो आणि ॲनाकोंडाच्या तोफा त्या चिमुकल्या विमानाकडे वळतात. तेवढ्यात आपल्या जहाजानं ॲनाकोंडाच्या मागे जावं आणि इंजिनांवर मारा करावा. हातात येतात ते जेमतेम काही सेकंद, पण निकाल तिथेच लागतो.

म्हणून वळायला जड, पण मारा दमदार अशा जहाजांना फायटर शोभतं. ॲनाकोंडा, इम्पीरियल कटर आणि फेडरल गनशिप यांत मोडतात. कटरचं शील्ड भक्कम, वेगही चांगला; वळताना मात्र ते भलतीकडे घसरतं आणि त्या वेळी शत्रूला गुंतवून ठेवणारं कुणी तरी लागतंच. फेडरल कॉर्व्हेट आकाराच्या मानानं चपळ, तरी अनेक शत्रू एकदम अंगावर आले तर तिथेही फायटर कामी येतं. फक्त कटरसाठी ड्यूकचा आणि कॉर्व्हेटसाठी रिअर ॲडमिरलचा हुद्दा मिळवावा लागतो आणि दोन्हींना उतरायला मोठाच धक्का लागतो, जो छोट्या आउटपोस्टवर नसतो.

या साऱ्यात मध्यम बजेटच्या खेळाडूला क्रेट मार्क-२ सर्वात सोयीचं. २०१८ मध्ये आलेलं हे जहाज साडेचार कोटी क्रेडिटच्या आसपास मिळतं, मध्यम धक्क्यावर उतरतं, तीन मोठ्या आणि दोन मध्यम तोफा घेतं. सहा क्रमांकाच्या दोन जागांपैकी एकीत शील्ड बसवावं, हँगर पाच क्रमांकाच्या जागेत घालावा, म्हणजे दुसरी सहाची जागा मालाला मोकळी राहते. पहिलं फायटर घ्यायचं असेल, तर क्रेटवर घ्या. टाइप-९ चा हँगर काढून टाका.