दहाव्या क्रमांकाचा फलंदाज

धानाची कापणी संपून बांध्या कोरड्या पडल्या, की आमच्या गावी क्रिकेटचा हंगाम सुरू होई. गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील रानाला लागून होते. बॅट सुताराने सागाच्या फळीतून तासून दिलेली, यष्ट्या बांबूच्या, आणि चेंडू म्हणजे चिंध्यांच्या गोळ्यावर सायकलच्या ट्यूबचे रबर ताणून गुंडाळलेले. संघ पडले की फलंदाजीचा क्रम ठरे. ज्याची बॅट तो पहिला, ज्याचा चेंडू तो दुसरा. माझ्याजवळ दोन्ही नव्हते. म्हणून मी नेहमीच दहावा. दहाव्याने दुपारभर उन्हात धावून चेंडू अडवावेत आणि फलंदाजीची पाळी येण्याच्या सुमारास सूर्याने मावळावे, असा जणू नियमच होता.

एके दिवशी मी हे गाऱ्हाणे शाळेतील एका वृद्ध गुरुजींपाशी नेले. त्यांनी ते हसण्यावारी नेले नाही. त्यांनी मला चंदू सरवटे यांची हकीकत सांगितली. पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि ती हकीकत निरनिराळ्या पुस्तकांतून पडताळून पाहिली. गुरुजींनी सांगितले होते त्याहून ती मोठी निघाली.

चंद्रशेखर त्र्यंबक सरवटे यांचा जन्म २२ जुलै १९२० रोजी सागर येथे झाला. सागर आज मध्यप्रदेशात आहे. परंतु त्या काळी सागर आणि आपला चांदा जिल्हा हे दोन्ही मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते आणि दोघांचीही राजधानी नागपूर होती. सागरसारख्या हिंदी मुलखातही तेव्हा अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत होती. सरवट्यांचे घराणे मराठीच. १९३६-३७ च्या हंगामात, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये उतरले, आणि त्यांचा पहिला संघ आपल्याच प्रांताचा होता.

त्यानंतर त्यांनी किती संघांची पागोटी डोक्यावर चढविली, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. मध्यप्रांत व वऱ्हाड, महाराष्ट्र, मुंबई, होळकर, मध्यभारत, मध्यप्रदेश, विदर्भ. शिवाय हिंदूंचा संघ आणि भारताचा संघ. एखाद्याला वाटेल, हा मनुष्य फारच चंचल असला पाहिजे!

तसे नव्हते. इंग्रजीत अशा खेळाडूला एक विशेष नाव आहे. युरोपात पूर्वी जो कारागीर शिकून तयार झाला आहे, परंतु ज्याचे स्वतःचे दुकान नाही, तो दिवसाच्या मजुरीवर काम करी. फ्रेंच भाषेतील 'दिवस' या अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव पडले. पुढे ते नाव खेळाडूंना चिकटले. इंग्लंड-आयर्लंडातील फुटबॉलमध्ये असे कितीतरी खेळाडू आढळतात. दोनचार वर्षे या संघात, दोनचार त्या संघात. जेथे काम असेल तेथे जावयाचे आणि ते चोख करावयाचे. आपल्याकडे सुगीच्या आधी फिरता लोहार येतो, झाडाखाली भाता मांडतो, गावाचे विळे आणि कुऱ्हाडी पाजवून देतो आणि पुढच्या गावाला जातो. त्याचे नाव गावाच्या लक्षात राहत नाही. विळा मात्र वर्षभर कापीत राहतो. सरवटे हे या जातीचे खेळाडू होते.

आजच्यासारखे त्या काळी क्रिकेटमधून पोट भरत नसे. खेळाडूला नोकरी हवी असे, आणि नोकरी देणारे पुष्कळदा संस्थानिक असत. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी असा एक संघ जमविला. त्याचे कर्णधार होते नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू, ज्यांनी १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व केले होते. नायडूंना होळकरांच्या फौजेत हुद्दा होता. मुश्ताक अलींनाही होता. १९४४-४५ पासून सरवटे या संघातून खेळू लागले आणि तेथे ते रमले. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. यांतील पहिल्या विजयाच्या वर्षी म्हैसूर संघाविरुद्ध होळकरांनी ८ गडी बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा जणांची शतके! त्या सहांत सरवटे होते. त्यांच्या १०१ धावा झाल्या. त्याच सामन्यात त्यांनी आपल्या फिरकीवर म्हैसूरचे नऊ गडी अवघ्या ६१ धावांत बाद केले.

पुढे संस्थाने विलीन झाली. काही वर्षांनी होळकर संघाचे नाव जाऊन मध्यभारत आले, आणि १९५६ ची राज्य पुनर्रचना झाल्यावर मध्यप्रदेश आले. म्हणजे सरवट्यांच्या यादीतील तीन संघ त्यांना इंदूर न सोडताच लाभले! याचे आपल्या जिल्ह्यातील वाचकांना आश्चर्य वाटू नये. चांद्यातील एखादी आजीबाई आयुष्यभर एकाच घरात राहिली. परंतु तिचे घर आधी मध्यप्रांतात होते, १९५० साली ते मध्यप्रदेशात गेले, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. १९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि आजीबाईंचे माहेर गडचिरोलीकडील असेल तर १९८२ साली तेही निराळ्या जिल्ह्यात गेले. वैनगंगेला वर्धा मिळाली की त्याच पाण्याला आपण प्राणहिता म्हणतो आणि सिरोंच्यापाशी ते गोदावरीत शिरते. तसाच हा प्रकार.

आता गुरुजींनी सांगितलेल्या गोष्टीकडे येऊ.

१९४६ साली, दुसरे महायुद्ध संपल्यावर, भारताचा संघ इंग्लंडला गेला. मे महिन्याच्या ११ तारखेला, शनिवारी, लंडनच्या ओव्हल मैदानावर सरे परगण्याच्या संघाशी सामना सुरू झाला. सरेच्या गोलंदाजांत ॲलेक बेडसर होते. पुढच्याच महिन्यात या बेडसरांनी लॉर्ड्सवर आपल्या पहिल्या कसोटीत भारताचे अकरा गडी बाद केले. त्यावरून त्या माऱ्याची कल्पना येईल. भारताचे नऊ गडी २०५ धावांत बाद झाले. दहाव्या क्रमांकावर आलेले सरवटे एका टोकाला उभे होते. अकरावे आणि शेवटचे फलंदाज म्हणून बंगालचे शुटे बॅनर्जी पॅव्हेलियनच्या पायऱ्या उतरू लागले. बॅनर्जी हे वेगवान गोलंदाज. फलंदाजीची त्यांच्याकडून कोणाचीच फारशी अपेक्षा नव्हती. असे सांगतात की, मैदानाची निगा राखणारा मनुष्य त्याच वेळी भारतीय कर्णधाराकडे आला आणि डाव संपल्यावर खेळपट्टीवर कोणता रूळ फिरवावयाचा, हे विचारू लागला. दहापाच मिनिटांत सारे आटोपणार, याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती.

रूळ वाट पाहत राहिला. दहा मिनिटे गेली, अर्धा तास गेला, धावफलकावरील आकडे हलत राहिले. प्रेक्षकांना आधी ही गंमत वाटली असेल. परंतु २५० झाल्या, ३०० झाल्या, आणि गंमत वाटण्याचे दिवस संपले. सरेच्या कर्णधाराने गोलंदाज बदलून पाहिले, क्षेत्ररक्षक पांगवून पाहिले. त्या दिवशीचा खेळ संपला तेव्हा ही जोडी अजून अभंग होती.

दुसरा दिवस रविवार. इंग्लंडात त्या काळी रविवारी सामना थांबत असे. एक सबंध दिवस दोघांना काही न करता काढावयाचा होता. क्रिकेट खेळणारा कोणीही सांगेल की, खेळताना लागलेली लय अशा विश्रांतीने मोडते. सोमवारी सकाळी मात्र दोघे जणू मध्ये काही घडलेच नाही असे पुन्हा खेळू लागले. अखेर बॅनर्जी १२१ धावांवर बाद झाले. सरवटे १२४ धावांवर नाबाद राहिले. दोघांनी मिळून २४९ धावा केल्या होत्या, तीन तास दहा मिनिटांत! भारताची धावसंख्या ४५४ झाली होती. दहाव्या आणि अकराव्या अशा दोन्ही फलंदाजांनी एकाच डावात शतके करावीत, हे प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कोठेही घडले नव्हते.

गुरुजी येथे थांबले होते. वास्तविक सामना येथे थांबला नाही. सरेचा पहिला डाव १३५ धावांत आटोपला. त्यात सी. के. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. सरेवर पुन्हा खेळण्याची पाळी आली, आणि त्या दुसऱ्या डावात पाच गडी बाद केले ते सरवट्यांनीच. भारताने सामना नऊ गडी राखून जिंकला.

लहानपणी मला वाटे की, असा पराक्रम केलेला मनुष्य त्यानंतर भारताचा सर्वांत मोठा खेळाडू झाला असेल. तसे झाले नाही, आणि ते लपविण्याचे कारण नाही. १९४६ ते १९५१ या काळात सरवटे केवळ नऊ कसोटी सामने खेळले. त्यांत त्यांच्या एकूण २०८ धावा झाल्या आणि बळी मिळाले तीन. त्या तीन बळींसाठी त्यांना ३७४ धावा मोजाव्या लागल्या. हे आकडे चांगले म्हणता येणार नाहीत. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांना डावाचा आरंभ करावयास पाठविले. लंडनमधील दहावा मेलबर्नमध्ये पहिला झाला! तेथे ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध विनू मांकड आणि सरवटे यांनी पहिल्या गड्यासाठी १२४ धावा केल्या. मांकडांनी शतक काढले. सरवट्यांचा वाटा ३६ धावांचा. उभे राहण्याचे काम त्यांनी केले, नाव मांकडांचे झाले. माझे मत असे की, ज्याला कोठेही उभे करता येते त्याला एकच जागा फार काळ कोणी देत नाही. हा त्या गुणाचाच तोटा आहे. बॅनर्जींचे नशीब तर याहून कठीण. त्यांना कसोटी सामना मिळाला तो १९४९ साली, आणि तोही एकच. त्यात त्यांनी पाच बळी घेतले.

परंतु कसोटीचे नऊ सामने बाजूला ठेवून उरलेला हिशोब मांडला, तर चित्र पालटते. सरवटे तेहेतीस हंगाम खेळले. शेवटच्या हंगामात, १९६८-६९ साली, त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. या काळात प्रथम श्रेणीचे १७१ सामने, ७४३० धावा, चौदा शतके आणि ४९४ बळी. एका डावातील त्यांची सर्वोच्च धावसंख्या २४६. यांतील बहुतेक खेळ अशा मैदानांवर झाला, जेथे प्रेक्षक थोडे होते. तेथवर तासन् तास आगगाडीने जावे लागे, आणि सामना संपल्यावर पुन्हा नोकरीवर हजर व्हावे लागे.

त्यांची नोकरीही वेगळीच होती. ते कायद्याचे पदवीधर होते आणि व्यवसायाने अंगुलिमुद्रातज्ज्ञ होते. म्हणजे बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखणारे. कोणत्याही दोन व्यक्तींच्या बोटांवरील रेषा सारख्या नसतात, या तत्त्वावर हे शास्त्र उभे आहे. गुन्ह्याच्या तपासासाठी अशा ठशांची नोंद ठेवणारी जगातील पहिली कचेरी १८९७ साली आपल्या देशातच, कलकत्त्यास, सुरू झाली. या कामात भिंगाखाली रेषा न् रेषा पाहावी लागते. घाई चालत नाही. चेंडूला फिरकी देणारी बोटे आणि ठसे तपासणारा डोळा एकाच माणसाच्या ठिकाणी असावेत, याची मला आजही मौज वाटते.

खेळणे थांबल्यावर त्यांच्या त्या डोळ्याचा आणखी एक उपयोग झाला. ते भारतीय संघाच्या निवडसमितीवर होते. १९८३ साली ज्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, तो संघ निवडणाऱ्या पाच जणांत सरवटे होते. त्या संघात कोठेही खेळविता येतील असे खेळाडू पुष्कळ होते. तो केवळ योगायोग होता की काय, हे सांगता येत नाही. पण मला तसे वाटत नाही. २३ डिसेंबर २००३ रोजी इंदूर येथे सरवटे यांचे निधन झाले.

ओव्हलची ती गोष्ट पुन्हा घडावयास अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली. २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यात, रणजी करंडकाच्या उपउपांत्य सामन्यात, मुंबईच्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी बडोद्याविरुद्ध अनुक्रमे दहाव्या व अकराव्या क्रमांकावर शतके केली. कोटियन १२० धावांवर नाबाद राहिले आणि देशपांडे १२३ धावा करून बाद झाले. दोघांची भागीदारी २३२ धावांची झाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून असे पूर्वी कधी घडले होते, याचा शोध घेण्यात आला. जुन्या नोंदींत एकच सामना सापडला.

प्रश्न

१. लेखकाला लहानपणी नेहमी दहाव्या क्रमांकावर का खेळावे लागे?
२. सरवट्यांना तीन संघ 'इंदूर न सोडताच लाभले', असे लेखक का म्हणतो?
३. 'रूळ वाट पाहत राहिला' या वाक्यातून काय सुचविले आहे?
४. आपल्या गावात येणाऱ्या एखाद्या फिरत्या कारागिराशी बोलून त्याच्या कामाविषयी दहा ओळी लिहा.