मीटरवरचा आकडा आणि मोटारीचा पूर्वेतिहास

वापरलेली मोटार विकत घेणारा मनुष्य वरवर पाहता एक यंत्र विकत घेतो. पण त्या यंत्राबरोबर आधीच्या मालकाच्या सवयी, त्याने केलेली आणि टाळलेली दुरुस्ती, व गाडीने तोवर कापलेले अंतर हे सारे त्याच्या पदरात पडत असते. नव्या गाडीला पूर्वेतिहास नसल्यामुळे तिची किंमत आणि तिची अवस्था यांचा मेळ सहज बसतो. जुन्या गाडीचा पूर्वेतिहास मात्र कागदांत, झिजेत आणि पुष्कळदा कोणाच्याच सांगण्यात नसलेल्या गोष्टींत विखुरलेला असतो. गावातल्या गावात फिरणाऱ्याला तो न वाचल्याची किंमत हळूहळू मोजावी लागते, तर रोज शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या कचेरीत जाऊन परत येणाऱ्याला ती थोड्याच महिन्यांत आणि एकरकमी मोजावी लागते, कारण असा प्रवासी सामान्य कुटुंबाचे तीन वर्षांचे अंतर एका वर्षात कापतो.

अशा प्रवासासाठी सेडान, म्हणजे इंजिन, प्रवासी आणि सामान यांचे तीन वेगळे खण असलेली बसकी मोटार, अजूनही शहाणपणाची निवड ठरते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ८० किलोमीटरवरून १०० किलोमीटरवर गेल्यास तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो, आणि उंच गाडीपेक्षा बसक्या गाडीला तो मुळातच कमी सोसावा लागतो. म्हणून द्रुतगती मार्गावर सेडान इंधन वाचवते आणि वळणावर कमी कलते. शिवाय ग्राहकांचा ओढा उंच गाड्यांकडे वळल्यामुळे वापरलेली चांगली सेडान तुलनेने स्वस्तात मिळते. येथवरचा हिशेब बरोबर असूनही खरेदी चुकू शकते, हे दाखवणारा अनुभव प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आला आणि पुढील विवेचन त्यावरच आधारलेले आहे.

मागे फिरवलेला आकडा

लेखकाने २०२१ मध्ये, पुण्यातील वाकडहून नवी मुंबईतील बेलापूरला आठवड्यातून तीन दिवस जाण्यायेण्यासाठी, सात वर्षांची डिझेल सेडान एका विक्रेत्याकडून ४,२५,००० रुपयांना घेतली. मीटरवर ६२,००० किलोमीटरचे रीडिंग होते, रंग चकचकीत होता, आरसी बुकावर एकाच मालकाचे नाव होते आणि घासाघीस करून २५,००० रुपये कमी करून घेतल्याचे समाधानही होते. या गाडीचा टाइमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातील दट्ट्या आणि झडपा यांची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा, पुस्तिकेप्रमाणे १,२०,००० किलोमीटरला बदलायचा होता. तेव्हा अजून ५८,००० किलोमीटर शिल्लक आहेत असे गृहीत धरण्यात लेखकाला काहीच वावगे वाटले नाही.

दहा महिन्यांनी, मीटर ८८,००० दाखवत असताना, खंडाळ्याच्या घाटात तो पट्टा तुटला. पट्टा तुटला की झडपा असतील तेथेच थांबतात, दट्ट्या मात्र वर येत राहतो आणि उघड्या राहिलेल्या झडपांवर आदळून त्या वाकवतो. इंजिन बंद पडल्याबरोबर सुकाणू जड होते, आणि ब्रेकला मिळणारी निर्वात दाबाची मदत पेडल दोन-तीनदा दाबल्यावर संपते. घाटातील ट्रकांच्या रांगेत गाडी कडेला घेईपर्यंतचा ते अर्धे मिनिट दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कितीतरी महाग होते. इंजिनाचे हेड खोलावे लागले आणि टोइंगसह १,१०,००० रुपये गेले. कारण शोधताना अधिकृत सेवा केंद्रातील जुनी नोंद प्रथमच मागवली गेली, तेव्हा खरेदीच्या दोन वर्षे आधीच त्या गाडीचे रीडिंग १,१८,००० होते असे उघड झाले. मीटर मागे फिरवलेले होते, आणि पट्टा एकदाही बदललेला नव्हता.

या फसवणुकीचे नुकसान सामान्यतः किमतीच्या भाषेत मांडले जाते, म्हणजे जास्त चाललेल्या गाडीला कमी चाललेल्या गाडीचे दाम दिले गेले असे म्हटले जाते. परंतु त्याहून मोठे नुकसान वेगळेच असते. मीटरवरचा आकडा हे गाडीचे पंचांग आहे. पट्टा, क्लच प्लेट, गिअरचे तेल, शीतक द्रव, सस्पेन्शनचे रबरी बुश या साऱ्यांची मुदत त्याच आकड्यावरून मोजली जाते, आणि तो खोटा असेल तर मालक कितीही काटेकोर असला तरी त्याचा काटेकोरपणाच चुकीच्या तिथीवर चालत राहतो.

किंमत आणि किलोमीटर

किमतीकडे पाहण्याची दृष्टीही याच अनुभवातून बदलली. वाकड ते बेलापूर हे अंतर एका बाजूने सुमारे ११० किलोमीटर धरले, तर दिवसाला २२० आणि वर्षाच्या १४४ फेऱ्यांत ३१,६८० किलोमीटर होतात. लिटरमागे १८ किलोमीटर आणि डिझेलचा दर ९० रुपये धरल्यास इंधनाला किलोमीटरमागे ५ रुपये पडतात. द्रुतगती मार्गाचा एप्रिल २०२३ पासूनचा ३२० रुपयांचा एकेरी पथकर दोन्ही बाजूंनी धरल्यास आणखी २ रुपये ९१ पैसे होतात. ४,२५,००० रुपयांची गाडी चार वर्षांनी १,५०,००० रुपयांना गेली, तर त्या काळातील १,२६,७२० किलोमीटरांवर घसाऱ्याचा भार २ रुपये १७ पैसे येतो. घाटातील त्या एका बिघाडाचा भार ८७ पैसे होतो. आणि ज्या २५,००० रुपयांसाठी दोन संध्याकाळ घासाघीस केली, त्यांचा फायदा किलोमीटरमागे जेमतेम २० पैसे निघतो. लांबच्या प्रवाशासाठी खरेदीची किंमत हा एकूण खर्चातला लहान भाग असतो, म्हणून वीस-तीस हजार अधिक देऊनही ज्या गाडीची अखंड नोंद उपलब्ध आहे ती घेणे हाच खरा स्वस्त सौदा होय.

याच हिशेबात डिझेल की पेट्रोल हा प्रश्नही सुटतो. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालणाऱ्याला डिझेलचा वाढीव देखभाल-खर्च भरून काढता येत नाही, तीस हजारांच्या पुढे तो भरून निघतो. मात्र एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी जाळी असते, आणि साचलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने चालावी लागते. शहरातल्या गर्दीतच फिरलेली, कमी रनिंगची डिझेल गाडी म्हणून अधिक चांगली असते असे नाही; महामार्गावर चाललेली आणि वेळच्या वेळी तेल बदललेली लाखभर किलोमीटरची गाडी तिच्यापेक्षा निरोगी असू शकते. आकडा लहान असणे यापेक्षा आकडा खरा असणे महत्त्वाचे आहे.

झीज वाचण्याची रीत

आकडा खरा आहे की नाही हे तीन साक्षीदार सांगतात, आणि तिघांची जबानी जुळली तरच तो मानावा. पहिला साक्षीदार म्हणजे सेवा केंद्रातील नोंद; गाडीच्या क्रमांकावरून ती विक्रेत्याच्या संमतीने मिळवता येते, आणि संमती द्यायला जो टाळाटाळ करतो त्याने उत्तर दिलेलेच असते. दुसरा साक्षीदार म्हणजे विम्याची व तपासणीची जुनी कागदपत्रे, ज्यांवर त्या त्या दिवशीचे रीडिंग पुष्कळदा लिहिलेले असते. तिसरा साक्षीदार म्हणजे झीज: क्लचच्या पेडलचे गुळगुळीत झालेले रबर, सुकाणूच्या चाकाची चकाकी, चालकाच्या आसनाची खचलेली कड. पन्नास-साठ हजार किलोमीटरच्या गाडीत या खुणा इतक्या खोल नसतात, आणि त्या लपवण्यासाठी बसवलेले नवे कोरे आवरण हीदेखील एक खूणच समजावी.

टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंक त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ याचा अर्थ २०१९ मधील तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर त्यामागचे कारण विचारावे. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा, कारण गुंडाळलेल्या टोकाशी राहिलेली गाळाची रेघ धुऊन जात नाही. आसनाखालच्या पट्ट्यांवरचा गंजही तेच सांगतो. २६ जुलै २००५ ची मुंबई किंवा ऑगस्ट २०१९ मधील कोल्हापूर-सांगली यांसारख्या महापुरांनंतर वाहून, बुडून आणि धुऊन निघालेल्या गाड्या बाजारात येतात, त्या ठिकाणाहून दूरच्या शहरांत विकल्या जातात, आणि त्यांच्या विजेच्या जोडण्या वर्षभराने एकेक करून दगा देऊ लागतात.

इंजिन थंड असतानाच ते सुरू करून पाहावे, आणि विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सतत निळसर धूर निघत असेल तर तेल जळत असते, काळा असेल तर इंधन अपुरे जळत असते, आणि इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर राहिला तर शीतक द्रव आत झिरपत असण्याची शक्यता असते. त्यानंतर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला सोबत घेऊन, एसी चालू ठेवून, गाडी चढावर आणि मोकळ्या रस्त्यावर किमान अर्धा तास चालवावी, कारण सोसायटीच्या आवारातल्या फेरीत क्लचचे घसरणे आणि ताशी ८० च्या वेगाला जाणवणारी थरथर कळत नाही.

कागदांची बाजू

कागदपत्रांत सर्वप्रथम आरसीवरील बोजा पाहावा; जमिनीच्या सातबाऱ्याप्रमाणेच गाडीवरही कर्ज देणाऱ्याचा हक्क नोंदलेला असतो, आणि कर्ज फिटल्यानंतर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते; त्यासाठी अनुक्रमे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वापरले जातात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन नाव बदलणे लांबवण्याची बाजारातली पद्धत दोन्ही बाजूंना घातक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, गाडी अनेक हातांतून गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव कायम आहे तोच कायद्याने मालक असून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे स्पष्ट केले आहे.

विम्याचाही असाच सूक्ष्म भेद आहे. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण पॉलिसीवर नाव चढल्याशिवाय गृहीत धरू नये. दावा न केल्याबद्दल मिळणारी, ५० टक्क्यांपर्यंत जाणारी सवलत ही तर व्यक्तीची असते, ती गाडीबरोबर येत नाही. दुसऱ्या राज्यातील पासिंगची गाडी घेताना फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथील करभरणा यांचा खर्च किमतीत धरावा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तेथील गाड्या इतर राज्यांत स्वस्त विकल्या गेल्या आहेत, तेव्हा त्या स्वस्ताईचे कारण आधी समजून घ्यावे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याचे प्राधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते दाखवायला सांगणे हा ग्राहकाचा अधिकार आहे. थकलेली ई-चलने आणि विक्रेत्याच्या खात्याशी जोडलेला फास्टॅग या दोन बारीक गोष्टी ताबा घेण्यापूर्वीच निकालात काढाव्यात.

नवे पंचांग

एवढे करूनही पूर्वेतिहासाचा काही भाग अंधारात राहतोच, आणि त्यासाठी लेखकाने नंतर पाळलेला नियम साधा आहे: ज्या भागाची लेखी नोंद नाही, त्याची मुदत संपली आहे असे समजावे. खरेदीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम यासाठी आधीच बाजूला काढून ठेवावी आणि पहिल्या आठवड्यात टाइमिंग बेल्ट, सर्व तेले, फिल्टर, ब्रेकचे द्रव व शीतक द्रव बदलून त्या दिवसाचे रीडिंग वहीत लिहावे. मागचा हिशेब लागत नसेल तर असा नवा आरंभबिंदू मांडता येतो, आणि तेथून पुढचे पंचांग खरे असते.

लेखकाने दुरुस्तीनंतर अशी वही ठेवली. तिच्या पहिल्या पानावर सेवा केंद्राच्या नोंदीवरून काढलेले अंदाजी खरे रीडिंग लिहिले आणि पुढे प्रत्येक कामाची तारीख व खर्च मांडला. २०२५ मध्ये गाडी विकायला काढल्यावर ते पहिले पान वाचून दोन ग्राहक परत गेले. तिसऱ्याने ते पान वाचल्यावर किंमत विचारण्याऐवजी वही उलटत टाइमिंग बेल्टची नोंद शोधली आणि त्या तारखेवर बोट ठेवले. व्यवहार त्याच्याशी झाला, आणि वही किल्ल्यांबरोबर त्याच्याकडे गेली.