गोड्या पाण्याची चौपाटी

चौपाटी म्हटली, की आपल्याला मुंबईचा खारा समुद्र आठवतो. पण अमेरिकेतील शिकागो शहराच्या चौपाट्या गोड्या पाण्याच्या आहेत. हे शहर मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले आहे. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर आहे. पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटाही येतात. पाणी चाखावे, तेव्हाच फरक कळतो!

उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथे पोहणाऱ्यांची गर्दी होते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. जीवरक्षक पहारा देतात. लाल निशाण लावले, की पाण्यात उतरण्यास मनाई असते.

हा किनारा पूर्वी मात्र सर्वांचा नव्हता. गोरे लोक एका भागात पोहत आणि कृष्णवर्णीय लोक दुसऱ्या भागात. तसा कायदा नव्हता, पण रिवाज होता. २७ जुलै १९१९ रोजी फार उकडत होते. यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर खेळत होता. तराफा वाहत वाहत गोऱ्यांच्या भागाकडे गेला. पाण्यात का कोठे रेघ आखलेली असते? तरीही एका गोऱ्या माणसाने मुलांवर दगड मारले. यूजीन बुडून मेला. लोकांनी दगड मारणारा दाखवून दिला, पण पोलिसाने त्याला पकडले नाही. मग शहरात दंगल उसळली आणि ३८ माणसे प्राणास मुकली.

त्या जागेजवळ, सरोवराच्या काठी, आता यूजीनच्या नावाचा स्मृतिफलक आहे. तो एका दगडावर बसवलेला आहे.