कटिशूल, मन्यास्तंभ व संधिशूल : औषधयोजनेपूर्वीचे निदान

वसई-विरार परिसरात चिकित्साव्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे दररोज येणाऱ्या रुग्णांत कंबर, मान, खांदा व गुडघा यांच्या वेदनेची तक्रार सांगणाऱ्यांचा वाटा मोठा असतो. या वेदनेचे हेतू शोधण्यास दूर जावे लागत नाही. विरार ते चर्चगेट हे ६० किलोमीटरचे अंतर रोज उभ्याने कापणारा नोकरदार, वालीव-गोखिवरे भागातील कारखान्यात ओझी उचलणारा कामगार, अर्नाळा व पाचूबंदर येथे जाळी ओढणारा मच्छीमार, डोक्यावर पाटी घेऊन बाजाराकडे निघालेली कोळीण, वाडीत दिवसभर वाकून काम करणारा बागायतदार, हे सर्व आपल्या परिचयाचे आहेत. यांपैकी कोणीही दारात येऊन कंबरेवर हात ठेवला की हेतू आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो.

निदानाची चूक नेमकी येथेच संभवते. हेतू इतका स्पष्ट असतो की निदानपंचकातील उरलेल्या चार अंगांकडे दुर्लक्ष होते. पूर्वरूप विचारले जात नाही, रूप पूर्ण पाहिले जात नाही, उपशय तपासला जात नाही आणि संप्राप्ती गृहीत धरली जाते. प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाचा विचार एका रुग्णाच्या अनुभवावरून व शास्त्राधारे करीत आहोत.

एक रुग्णवृत्त

सुमारे ३५ वर्षे वयाचे एक कामगार दोन महिन्यांच्या कटिशूलाची तक्रार घेऊन आमच्याकडे आले. काम ओझी उचलण्याचे, जेवण अवेळी, प्रवास दगदगीचा. आम्ही भारहरण, विषमाशन व अतिव्यायाम हे हेतू नोंदवून कटिग्रह असे निदान केले. योगराज गुग्गुळ, रास्नासप्तक क्वाथ व सात दिवस कटिबस्ती अशी योजना केली. प्रत्येक बस्तीनंतर काही तास बरे वाटे, रात्री वेदना पुन्हा येई. आम्ही काम थांबविण्याचा सल्ला दिला व औषध पुढे चालू ठेवले.

पाचव्या आठवड्यात त्यांच्या पत्नी सोबत आल्या. संध्याकाळी यांचे हातपाय तापलेले लागतात आणि कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला आहे, असे त्यांनी सहज सांगितले. तेव्हा आम्ही प्रथमच रुग्णाची पाठ पूर्ण उघडी करून पाहिली. पृष्ठवंशावर वरून खाली एकेका मणक्यावर बोटाने हलका आघात केला असता पाठ व कंबर यांच्या संधीजवळील एका मणक्यावर रुग्ण दचकला. पायांत किंचित ताठरपणा होता. एम.आर.आय. तपासणीत लगतचे दोन मणके व त्यांमधील चकती बाधित दिसली. नमुन्याच्या तपासणीतून मणक्याचा क्षयरोग निश्चित झाला. शासकीय योजनेतून क्षयरोगविरोधी औषधे सुरू झाली, शस्त्रकर्माची वेळ आली नाही व रुग्ण आज स्वतःच्या पायांनी चालतो. परंतु ते पाच आठवडे आमच्या हातून गेले. आणखी काही आठवडे गेले असते तर पक्षाघाताप्रमाणे दोन्ही पाय निकामी झाले असते.

यातील खेदाची बाब अशी की राजयक्ष्म्याच्या त्रिरूपात अंस व पार्श्व यांचा अभिताप, हस्तपादसंताप व सर्वांगज्वर ही लक्षणे आपण विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेली असतात. रुग्णाला खोकला नव्हता, म्हणून आम्हांस यक्ष्मा सुचला नाही. फुप्फुसाबाहेरील क्षयरोगात खोकला नसणे व छातीचा एक्स-रे निर्दोष असणे हे वारंवार घडते. मणक्याचा साधा एक्स-रेसुद्धा आरंभी स्वच्छ दिसू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

वातप्रकोपाचे दोन मार्ग व तिसरी शक्यता

चरकाचार्यांनी वातप्रकोपाची दोन कारणे सांगितली आहेत : धातुक्षय व मार्गावरण. शूल म्हटल्यावर वात मानणे चूक नाही. मात्र तो वात कोणत्या मार्गाने कुपित झाला हे ठरविल्याविना चिकित्सा सुरू करणे चूक आहे. धातुक्षयजन्य वातास स्नेहन-बृंहण हवे, आवरणजन्य वातास प्रथम आवरण दूर करणे हवे. याखेरीज तिसरी शक्यता सदैव मनात असावी. वेदना हे स्वतंत्र व्याधीचे रूप नसून अन्य गंभीर व्याधीचे लक्षण असू शकते. वरील रुग्णात तेच होते.

प्रश्नपरीक्षा

१. वेदना विश्रांतीने कमी होते की वाढते? श्रमजन्य कटिशूल आडवे झाल्यावर शमतो. रात्री झोपेतून उठविणारी व कुठल्याही स्थितीत न थांबणारी वेदना संशयास्पद मानावी.

२. सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो? काही मिनिटांत अंग मोकळे होत असेल तर सामान्यतः संधिगतवात किंवा श्रम समजावा. अर्धा तास वा अधिक काळ टिकणारा ताठरपणा शोथयुक्त व्याधी सुचवितो. चाळिशीच्या आतील व्यक्तीस तीन महिन्यांहून अधिक काळ कंबर धरत असेल, उत्तररात्री जाग येत असेल आणि हालचालीने बरे वाटत असेल, तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचा विचार करावा. असे तरुण वर्षानुवर्षे कटिग्रहाची औषधे घेत राहतात व तोवर पाठीचा कणा आखडत जातो.

३. वेदना कोठून कोठे जाते? गृध्रसीचा क्रम चरकाने स्फिक्, कटी, ऊरू, जानू, जंघा, पाद असा सांगितला आहे. गुडघ्यापर्यंतच थांबणारी प्रत्येक वेदना गृध्रसी नव्हे.

४. यापूर्वी ज्वर आला होता का? चिकुनगुन्याच्या २००६ मधील साथीनंतर आपण सर्वांनी अनेक महिने टिकणारे सांधे पाहिले आहेत. आजही ज्वर व संधिशूल यांचा क्रम विचारणे आवश्यक आहे.

५. आधी कोणते औषध चालू आहे? ज्या पुडीवर नाव नाही, अशी पुडी घेत असल्यास रुग्णाने ती दाखविणे गरजेचे आहे.

दर्शन व स्पर्शन

रुग्णाला चालताना पाहावे, पाठ उघडी करून पाहावे. मणक्यांच्या रांगेतील एखादा उंचवटा, एका बाजूचा कल, स्नायूंचा ताण हे डोळ्यांनी दिसते. त्यानंतर प्रत्येक मणक्यावर हलका आघात करावा. या परीक्षणास दोन मिनिटे पुरतात.

सुश्रुताचार्यांनी गृध्रसीत पाय वर उचलण्यास अवरोध होतो असे वर्णन केले आहे. उताण्या रुग्णाचा सरळ पाय हळूहळू वर उचलण्याची आधुनिक परीक्षा याच लक्षणाचे मोजमाप आहे. कोणत्या अंशावर वेदना पायात उतरली ते दोन्ही बाजूंस नोंदवावे, म्हणजे पुढील भेटीत चिकित्सेचा परिणाम अंदाजाने नव्हे, मापाने कळतो. पायाचा अंगठा वर ओढण्याची शक्ती, टाचेवर व चवड्यांवर चालण्याची क्षमता आणि स्पर्शज्ञान यांची नोंदही याच वेळी करावी.

मन्यास्तंभाचे हेतू सांगताना सुश्रुताने दिवास्वाप, आसनस्थानातील विकृती व ऊर्ध्वनिरीक्षण यांचा उल्लेख केला आहे, आणि वात कफाने आवृत होतो असे म्हटले आहे. म्हणूनच तेथे आरंभी रूक्षस्वेद व नस्य यांस स्थान आहे. मान धरली की लगेच तेल चोळणे हा लोकाचार आहे, शास्त्राचार नव्हे. मानेच्या वेदनेसोबत सदऱ्याची बटणे लावता न येणे, चाल डगमगणे किंवा दोन्ही हातांत बधिरपणा असल्यास मज्जारज्जूवर दाब असू शकतो. अशा रुग्णाची मान मोडणे वा जोराने मर्दन करणे कटाक्षाने टाळावे.

साम-निराम विचार व उपशय

संधिशूलाच्या प्रत्येक रुग्णात आमवात, संधिगतवात व वातरक्त यांचा भेद प्रथम भेटीतच करण्याचा प्रयत्न असावा. आमवातात अंगमर्द, अरुची, गौरव, ज्वर, अपाक व संधिशोथ आढळतात आणि वेदना वृश्चिकदंशाप्रमाणे असते. संधिगतवातात हालचालीने वेदना वाढते व सांध्यांत घर्षणध्वनी ऐकू येतो. वातरक्त बहुधा पाय वा हात यांच्या मुळाशी प्रकट होऊन पुढे पसरते. तीव्र वेगाच्या दिवशी रक्तातील युरिक आम्ल प्राकृत येऊ शकते, म्हणून एका अहवालावरून वातरक्त नाकारू नये.

लक्षणे गूढ असतील तेव्हा उपशय व अनुपशय यांनी व्याधी ओळखावा, ही चरकाची शिकवण आहे. अल्प क्षेत्रावर तैलाभ्यंग करून पाहता संधिगतवातात सुख होते, सामावस्थेत वेदना व जडता वाढते. तेथे वालुकास्वेद, लंघन व दीपन-पाचन यांनी आरंभ करावा. परंतु या परीक्षेलाही मर्यादा आहे. आमच्या रुग्णास कटिबस्तीने काही तास बरे वाटले, त्यास आम्ही उपशय समजलो. उष्णतेने मिळणारा क्षणिक आराम आणि व्याधीचा खरा उपशय यांत भेद केला पाहिजे.

थांबण्याची स्थाने

पुढील लक्षणांपैकी एकही आढळल्यास स्थानिक चिकित्सा थांबवून तपासणी करून घ्यावी अथवा रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवावे :

१. सायंकाळी ज्वर, रात्री घाम, कारणाविना वजन घटणे.
२. एकाच मणक्यावर स्पष्ट स्पर्शासहत्व किंवा उंचवटा.
३. लघवी अडणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील व गुदाभोवतालच्या भागात बधिरता. ही तातडीची अवस्था असून रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.
४. पायांत वाढत जाणारी दुर्बलता.
५. पूर्वी कर्करोग झालेला असणे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले असणे.
६. वृद्ध स्त्रीस किरकोळ पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र पाठदुखी. अस्थिक्षयात मणका दबला जाऊ शकतो.
७. डावा खांदा, बाहू वा हनुवटीत वेदना, सोबत घाम व छातीत दडपण. येथे अवबाहुकाचा विचार न करता हृद्रोग समजून धावपळ करावी.

औषधविक्रेत्यांसाठी

पुष्कळ रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी औषधालयात जातात. ‘कंबरेसाठी काहीतरी द्या’ या मागणीला उत्तर देणारी पहिली व्यक्ती औषधविक्रेता असते. त्यांनी निदान करावे अशी अपेक्षा नाही, मात्र तीन प्रश्न अवश्य विचारावेत : किती दिवस दुखते आहे? ताप येतो का, वजन घटले का? पायांत बधिरपणा वा लघवीची तक्रार आहे का? दुसऱ्या वा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, किंवा एकच ग्राहक महिनोन्महिने तेच औषध नेत असेल, तर त्यास वैद्याकडे पाठवावे.

वत्सनाभयुक्त वातविध्वंस रस, कुचलायुक्त विषतिंदुक वटी यांसारखे कल्प अनुसूची ई-१ मधील द्रव्यांनी युक्त असतात व त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते. ती सूचना ग्राहकास वाचून दाखवावी. सांधेदुखीवरील नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणे उघडकीस आलेली आहेत. अशी पुडी दुकानात ठेवू नये. दीर्घकाळ ती घेणाऱ्या रुग्णास अचानक बंद करावयास सांगणेही धोक्याचे असते, ते काम वैद्यकीय देखरेखीत व्हावे.

क्षयरोग २०१२ पासून अधिसूचित व्याधी आहे, आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार खासगी व्यावसायिकांबरोबर औषधविक्रेत्यांवरही नोंदणीची जबाबदारी आहे. निक्षय पोषण योजनेतील मासिक साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आहे. ही माहिती रुग्णास दिल्यास मजुरी बुडण्याच्या भीतीने उपचार टाळणाऱ्याला आधार मिळतो.

समारोप

रुग्णास योग्य वेळी अन्यत्र पाठविणे हा आयुर्वेदाचा पराभव आहे, अशी समजूत आपल्यापैकी काहींच्या मनात असते. आमचेही मन पूर्वी तसेच होते. निदान झाल्यावर त्याच रुग्णाच्या अग्निरक्षणासाठी, बलवर्धनासाठी व पथ्यासाठी वैद्याची गरज राहतेच. सदर रुग्ण मूळ औषधोपचार अखंड चालू ठेवून आजही पथ्यासाठी आमच्याकडे येतो. त्या अनुभवानंतर आमच्या चिकित्सालयात एक नियम आहे. कटिशूलाच्या कोणत्याही रुग्णाची पाठ उघडी करून पाहिल्याशिवाय व वजन नोंदविल्याशिवाय लेखणी हातात घ्यावयाची नाही. वैद्यबंधू-भगिनींनी हा नियम आपल्याही चिकित्सालयात अनुसरावा, अशी नम्र विनंती आहे.