ठासणीच्या बंदुकीची पिशवी

भाताचा दाणा भरू लागला म्हणजे रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत मातीस मिळते. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे, व कोकणपट्टीत अशा बंदुका पुष्कळ शेतकऱ्यांजवळ असतात. काडतुसात दारू, छरे व टोपी एकत्र असतात. ठासणीच्या बंदुकीत ती सारी स्वतंत्र असून, अंधारात व घाईत एकत्र आणावी लागतात. बहुतेक अपघात याच वेळी होतात. सबब पिशवीत पुढील जिन्नस, प्रत्येक आपल्या ठरावीक कप्प्यात, असावे.

(१) दारू : फक्त काळी दारू वापरावी. तीत सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० भाग असतात. काडतुसातील बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही भरू नये. तिच्या दाबाने नळी फुटते. दारू शिंगाच्या वा पितळेच्या, घट्ट बुचाच्या भांड्यात ठेवावी. परवान्यात लिहिलेल्या प्रमाणाहून अधिक दारू जवळ बाळगू नये.

(२) माप : दारू भांड्यातून एकदम नळीत ओतू नये. मागील बाराची ठिणगी आत राहिली असल्यास सबंध भांडे हातात पेट घेते. आधी मापात घ्यावी, भांडे बंद करावे, मग ओतावी.

(३) छरे व बोळे : दारूवर जाड बोळा, त्यावर छरे, त्यावर पातळ बोळा, हा क्रम होय. बोळा नमद्याचा उत्तम. काथ्याचा अगर चिंधीचा बोळा सुटल्यावर धुमसत पडतो व वाळल्या गवतास आग लावतो.

(४) टोप्या : घट्ट झाकणाच्या डबीत, दारूपासून दूरच्या कप्प्यात ठेवाव्या. टोपी सर्वांत शेवटी, नेम धरावयाच्या वेळीच चढवावी.

(५) किरकोळ साहित्य : टोपीखालील निपलचे छिद्र मोकळे करण्यास सुई, निपलची किल्ली, गजास लावून बोळा ओढून काढण्याचे मळसूत्र, चिंध्या व तेल.

गजावर दोन खुणा कराव्या. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालून तोंडाशी पहिली, आणि योग्य बार भरल्यावर दुसरी. भरण्यापूर्वी पहिली खूण नळीबाहेर दिसली तर आत बार आहे असे समजावे. त्यावर दुसरा भरू नये. भरल्यावर दुसरी खूण तोंडाशी न येता वर राहिली, तर बार तळास बसला नाही अगर दुहेरी झाला आहे. अशी बंदूक उडविल्यास नळी फुटण्याचे भय असते. ठासताना तोंड व छाती नळीसमोर आणू नये.

टोपी वाजून बार न उडाल्यास नळी निर्धोक दिशेस धरून निदान एक मिनिट थांबावे. बारानंतर राहणारी राख हवेतील ओल शोषून लोखंड खाते. यास्तव घरी येताच नळी गरम पाण्याने धुवावी, कोरडी करून तेल लावावे.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाखाली त्यासाठी अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. तो परवान्यासह मेणकापडात गुंडाळून याच पिशवीत ठेवावा. सर्व जिन्नस दिवसाउजेडी तपासून मगच राखणीस निघावे.